रणात पाणी किती दिवस?

पहिला दिवस : भुज

हमीरसर तलावाच्या काठावर उभं राहून मामांनी पहिला प्रश्न विचारला, "याचा सांडवा कुठाय?" मामा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. त्यांना कुठलंही पाणी दाखवा, आवक कुठून, विसर्ग कुठे आणि मृतसाठा किती, हे कळल्याशिवाय ते चहा घेत नाहीत. मी पक्ष्यांच्या मागे हिंडणारी. आमचं दोघांचं जमतं ते यामुळेच की दोघांनाही पाण्याच्या कडेला तासन्‌तास बसता येतं. कारणं वेगळी.

नोव्हेंबर २०२४. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात कच्छवर धो धो पाऊस पडला होता आणि त्यातूनच 'अस्ना' चक्रीवादळ तयार झालं होतं. आधी जमिनीवर मुरलेला कमी दाबाचा पट्टा, मग समुद्रावर जाऊन वादळ, असा उलटा प्रवास. ऑगस्ट महिन्यात अरबी समुद्रात चक्रीवादळ झालं ते १९७६ नंतर पहिल्यांदाच. जिथे वर्षाला सरासरी ३५-४० सेंटीमीटर पाऊस, तिथे काही भागांत त्याहून जास्त पाऊस चार दिवसांत. घरं पडली, रस्ते वाहून गेले. मामांनी बातम्या बघून मला फोन केला तो माणसांच्या काळजीने. माझ्या डोक्यात मात्र लगेच कच्छचं रण आलं, पावसात भरणारं ते खारं मैदान आणि तिथे येणारे पक्षी, आणि थोडी लाजही वाटली.

भुजकरांचं हमीरसरवर जे प्रेम आहे ते आपल्याकडे कुठल्या तलावाला मिळत नसेल. ज्या वर्षी तो काठोकाठ भरून वाहतो, त्या वर्षी नगराध्यक्ष वाजतगाजत येऊन पाण्याची पूजा करतात, शहराला सुट्टी जाहीर होते आणि मेघलाडू वाटले जातात. तलाव भरला म्हणून सुट्टी! मामा हे ऐकून इतके खूश झाले की सांडव्याचा विषय तासभर निघाला नाही.

पाण्यात थापट्या बदकं, वारकरी, दोन-चार झोळीवाले पेलिकन. शहराच्या मधोमध. संध्याकाळी दाबेली खाल्ली, त्याबद्दल सगळ्यांनी लिहून झालंय.

दुसरा दिवस : बन्नी आणि छारी-ढंढ

पहाटे पाचला निघालो. ड्रायव्हरकाका कच्छचेच, आमच्याशी हिंदीत बोलणारे. मामांना साहेब आणि मला बेन म्हणत. फुलाय गावाच्या अलीकडे त्यांनी गाडी बाजूला घेतली, कारण समोरून म्हशी येत होत्या. बन्नी म्हणजे भुजच्या उत्तरेचा गवताळ प्रदेश. तिथल्या म्हशी रात्री चरतात आणि सकाळी आपल्या पायांनी घरी येतात. उन्हाळ्यात दिवसा इथे चरणं शक्यच नसतं. काळ्या कुळकुळीत, शिंगं दुहेरी वळलेली. रस्ता त्यांचा होता, आम्ही पाहुणे.

ढंढ म्हणजे उथळ पाणथळ जागा. छारी-ढंढ २००८ साली संवर्धन राखीव क्षेत्र झालं, सुमारे २२७ चौरस किलोमीटरचं. मात्र हा आकडा कागदावरचा. ढंढ एखाद्या वर्षी क्षितिजापर्यंत पाणी असते आणि एखाद्या वर्षी भेगाळलेली माती. त्यात पाणी येतं ते दक्षिणेकडच्या डोंगरांतून उत्तरेला उतरणाऱ्या नद्यांचं. नद्या म्हणायच्या खऱ्या, पण त्या वर्षातले काही दिवसच नदी असतात, बाकी वेळ वाळूचा रस्ता.

या वर्षी पाणी होतं. सूर्य वर आला तसा आवाज सुरू झाला. आधी एक अस्पष्ट गलका, मग रांगाच्या रांगा: कांड्या करकोचे. मध्य आशियातून आलेले, राखाडी अंगाचे, गळ्याखाली काळी पिसं लोंबणारे. रात्र उथळ पाण्यात उभं राहून काढतात, म्हणजे कोल्ह्या-लांडग्याने पाऊल टाकलं की चाहूल लागते, आणि सकाळी शेतांकडे दाणे टिपायला जातात. म्हणजे या पक्ष्याला पाणी हवं ते पिण्यासाठी कमी आणि झोपण्यासाठी जास्त. ढंढ कोरडी असेल तर आजूबाजूला दाणा कितीही असो, मुक्कामाची सोय नाही.

मामा शांतपणे मोजत होते. पक्षी नव्हे, काठावरच्या खुणा. वाळलेल्या गवताच्या काड्या एका रेषेत अडकल्या होत्या, ती पाण्याची वरची पातळी. तिथून आताच्या पाण्यापर्यंत त्यांनी पावलं टाकली. "अगं, दोन-अडीच महिन्यांत इतकं मागे सरलंय. हे मार्चपर्यंत काही टिकत नाही."

मी म्हटलं, "टिकायला नकोच आहे, मामा."

हे त्यांना पटेना. धरण बांधणाऱ्याला पाणी आटणं म्हणजे तोटा. पण ढंढीचा सगळा संसार आटण्यावर उभा आहे. पाणी भरल्यावर बुडालेलं गवत कुजतं, त्यावर किडे-अळ्या वाढतात, बेडूक आणि मासे होतात, तेव्हा बदकं आणि बगळे येतात. मग पाणी ओसरू लागतं आणि रोज हातभर नवा चिखल उघडा पडतो. त्या ओल्या पट्ट्यात लांब चोचीच्या तुतवारांना, शेकाट्यांना ताजं जेवण. पुढे पाणी आणखी आटून खारं झालं की फ्लेमिंगोंची पाळी. एकाच जागी, एकाच हंगामात पंगती उठतात तशा. धरणासारखं पाणी एका पातळीवर ठेवलं तर पहिलीच पंगत बसून राहील.

परतताना मामांनीच विषय काढला. भुजच्या उत्तरेला रुद्रमाता, निरोणा, कासवती अशी धरणं स्वातंत्र्यानंतर बांधली गेली. भुजला पाणी, शेतीला पाणी, त्यात चूक काहीच नाही. पण बन्नीला धुऊन काढणारं गोडं पाणी वरच अडलं आणि जमिनीतलं मीठ वर येत गेलं. त्यात १९६० च्या दशकात रण पुढे सरकू नये म्हणून वनखात्याने गांडो बावळ लावला, आपल्याकडची वेडी बाभूळ. तिने बन्नीचं गवत गिळलं. ड्रायव्हरकाका म्हणाले, "साहेब, दो चीजें बाहर से आईं, बावळ और बांध. एक को काट सकते हैं." मामा हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत.

तिसरा दिवस : काळा डुंगर आणि पाण्यातला रस्ता

काळा डुंगर हा कच्छमधला सगळ्यात उंच डोंगर, ४६० मीटरच्या आसपास. वर दत्तात्रेयाचं देऊळ. मामा दत्तभक्त, त्यामुळे आजची सुरुवात 'दिगंबरा दिगंबरा'ने झाली. या देवळात कोल्ह्यांना प्रसाद घालतात. पुजारी थाळी वाजवतात, कट्ट्यावर भात ओततात आणि खालच्या झुडपांतून कोल्हे येतात. आम्हाला तीन दिसले, एकाचा कान फाटलेला.

वरून उत्तरेला बघितलं की मोठं रण. या दिवसांत ते पांढरं नसतं, शिशासारखं चकाकतं. त्याच्या पलीकडे, सरहद्दीच्या जवळ, हंज बेट. फ्लेमिंगोंची वसाहत तिथे आहे ही गोष्ट बाहेरच्या जगाला कच्छच्या महाराव खेंगारजींमुळे कळली, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. एप्रिल १९४५ मध्ये सलीम अली तिथे गेले आणि त्यांनी एक लाखाहून जास्त घरटी आणि सुमारे पाच लाख पक्षी असा अंदाज मांडला. आज तिथे आपल्यासारख्यांना जाता येत नाही. सीमा सुरक्षा दलाचा इलाखा आहे, आणि खरं सांगायचं तर ते पक्ष्यांच्या पथ्यावरच पडलंय.

फ्लेमिंगोचं घरटं म्हणजे चिखलाचा बुटका बुरूज, वर बशीसारखा खळगा. त्यात एकच अंडं. उबवायला महिनाभर. पिल्लू करड्या रंगाचं निघतं, आईबाप दोघंही त्याला घशातून स्रवणारं लाल दूध पाजतात. थोड्या दिवसांत सगळी पिल्लं एकत्र कळप करून पाण्यात हिंडू लागतात. उडायला आणखी दोन-अडीच महिने. मामांनी वहीत बेरीज केली: चिखल थापण्यापासून पिल्लू उडेपर्यंत शंभर दिवसांहून जास्त.

"आणि एवढे दिवस त्या बुरुजाभोवती पाणी हवं?"

"हवं. वीतभर, फार तर हातभर. जास्त झालं तर अंडं बुडतं. लवकर आटलं तर..." मी कट्ट्याकडे बोट दाखवलं. फाटक्या कानाचा कोल्हा भात खाऊन मिशा चाटत होता. चिखल वाळला की याचेच भाऊबंद रण ओलांडून बेटावर पोचतात. पिल्लांना पळता येतं, उडता येत नाही. आईबाप वसाहत सोडून जातात. म्हणूनच फ्लेमिंगो दरवर्षी इथे वीण करत नाहीत. पाऊस बेताचा असेल तर येतात, बघतात, निघून जातात. काही वर्षं सलग एकही पिल्लू नाही आणि मग एका पुराच्या वर्षी हजारोंनी. पक्षी चाळीसएक वर्षं जगतो, त्यामुळे त्याला हा जुगार परवडतो.

दुपारनंतर जवळच्या खावडा गावाहून धोलावीराकडे निघालो. हा नवा रस्ता सुमारे तीस किलोमीटर सरळ रणातून जातो. इंटरनेटवर त्याचं काहीतरी स्वर्गीय नाव पडलंय आणि लोक मधोमध झोपून फोटो काढतात. आम्ही गेलो तेव्हा दोन्ही बाजूंना पाणी होतं, आणि डावीकडे, फार लांब नाही, फ्लेमिंगो.

थवा मोठा होता. मी संख्या सांगणार नाही, कारण तापून थरथरणाऱ्या हवेत अर्धे पक्षी दोनदा दिसत होते. मोठे फ्लेमिंगो पांढुरके, मान उंच. छोटे जास्त गुलाबी, चोच गडद. दोघं एकाच पाण्यात, पण ताट वेगळं. छोटा पृष्ठभागावरचं हिरवं-निळं शेवाळ गाळून घेतो, मोठा तळ ढवळून किडे आणि कोळंबीसारखे बारीक जीव खातो. डोकं उलटं करून, वरची चोच खाली.

काकांनी गाडी रस्त्याखालच्या एका मोरीजवळ थांबवली. मी खाली उतरून बाटलीच्या झाकणात पाणी घेतलं. जिभेला लावलं तर समुद्रापेक्षाही खारट. झाकण उन्हात धरलं आणि मामांनी चष्मा वर करून वाकून बघितलं. त्यात अर्ध्या नखाएवढा, काचेसारखा पारदर्शक जीव पोहत होता, पोट वर करून. पायांच्या दोन रांगा लाटेसारख्या हलत होत्या, मधून लालसर आतड्याची रेघ. कोळंबीचा दूरचा नातेवाईक. याची अंडी कोरड्या मिठाच्या चिखलात वर्षानुवर्षं पडून राहतात, भाजली जातात, वाऱ्याने उडतात. पाणी मिळालं की एक-दोन दिवसांत फुटतात. पूर येतो तेव्हा तो मासळी वाहून आणत नाही. जेवण जमिनीतच पेरलेलं असतं.

मामा झाकण बराच वेळ धरून होते. मग त्यांनी ते पाणी परत मोरीत ओतलं, अगदी सावकाश. "उलटा पोहणारा खातो उलटं डोकं करून," एवढंच म्हणाले.

रस्त्याच्या कडेला आणि पलीकडे विजेचे मनोरे. खावड्याजवळ सौर आणि पवनऊर्जेचं अवाढव्य केंद्र उभं राहतंय. फ्लेमिंगो प्रवास करतात तो बहुतेक रात्री; एकदम बिथरून उठले की तारांना धडकतात. तारांवर फिरत्या चकत्या लावल्या की पक्ष्यांना त्या दिसतात, आणि काही ठिकाणी लावल्याही आहेत. सगळीकडे लावायला काय हरकत आहे, हा प्रश्न मी मामांना विचारला. ते म्हणाले, "निविदा निघावी लागते."

चौथा दिवस : धोलावीरा

आजचा दिवस मामांचा. धोलावीरा २०२१ मध्ये जागतिक वारसास्थळ झालं. साडेचार हजार वर्षांपूर्वीचं हे शहर दोन पावसाळी ओढ्यांच्या मध्ये बांधलंय: उत्तरेला मानसर, दक्षिणेला मनहर. त्या लोकांनी ओढ्यांना बांध घालून पुराचं पाणी शहराभोवतीच्या दगडी हौदांत वळवलं. पूर्वेकडचा हौद ७० मीटरहून जास्त लांब आणि सुमारे १० मीटर खोल, काही भाग खडकात कोरलेला. मामा पायऱ्या उतरून तळाशी गेले आणि तिथून ओरडले, "ही खरी माणसं!" रखवालदार घाबरून धावत आला.

वर बसून त्यांनी मला रणाचा ताळेबंद सांगितला, आणि तो इथे लिहिण्यासारखा आहे. नैऋत्य मोसमी वारे समुद्राचं पाणी खाड्यांतून रणात ढकलतात. वरून लुणी, बनास, सरस्वती, रूपेण, मच्छू या नद्या गोडं पाणी आणतात. लुणी अजमेरजवळ अरवलीत उगम पावते, बालोतऱ्यापर्यंत गोडी असते, पुढे खारी होते आणि समुद्राला न मिळता रणात जिरते. तिच्या खोऱ्यातल्या जवाई नदीवर १९५७ साली धरण पूर्ण झालं. बनासवर दांतिवाडा धरण. मच्छूचं नाव घेताना मामा थांबले. ११ ऑगस्ट १९७९ रोजी मच्छू-२ फुटलं आणि मोरबी बुडालं. त्यांच्या पिढीच्या सगळ्या इंजिनिअरांना ती तारीख पाठ आहे.

आणि सिंधू? तिचा एक पूर्वेकडचा फाटा कधीकाळी कच्छच्या पश्चिमेला यायचा. वर सिंधमध्ये बांध पडत गेले, मग १६ जून १८१९ च्या भूकंपात जमीनच उचलली गेली, मैलोन्‌मैल लांब मातीचा बांध तयार झाला. लोक त्याला अल्लाहबंद म्हणतात. लखपत बंदर त्यानंतर उतरणीला लागलं.

"म्हणजे देवानेपण एक धरण बांधलंय," मामा म्हणाले. त्यांचं समाधान झालेलं दिसलं.

पाचवा दिवस : छोटं रण, बजाणा

धोलावीरा ज्या बेटावर आहे त्या खादिरहून पाटडीपर्यंतचा रस्ता लांब आणि कंटाळवाणा. दुपारी बजाण्याजवळ पोचलो. वनखात्याचा परवाना घेऊन जीपने आत. घुडखर, म्हणजे रानगाढवं, सगळीकडे. २०२४ च्या गणनेत त्यांचा आकडा साडेसात हजारांच्या वर गेलाय. बजाण्याच्या खाडीत पेलिकन, क्रौंच, फ्लेमिंगो. जीपवाल्याला सगळे पक्षी इंग्रजी नावांनी पाठ, फक्त फ्लेमिंगोला तो सुरखाब म्हणे.

मला भेटायचं होतं ते अगरियांना. दसरा-दिवाळीनंतर ही कुटुंबं रणात उतरतात, बोअरने जमिनीखालचं खारं पाणी उपसून पाट्यांत, म्हणजे मिठाच्या उथळ वाफ्यांत, सोडतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत मीठ पिकवतात. या वर्षी चिखल वाळला नव्हता म्हणून त्यांचा हंगाम मागे पडलेला. एक मध्यमवयीन काका पाट्याची माती अनवाणी पायांनी तुडवत होते. बायको त्यांच्या मागे, साडीचा पदर कमरेला. पायाला जमीन कशी लागते त्यावरून पाटा तयार झाला की नाही हे कळतं, असं ते म्हणाले. चहा आला, खारट नव्हता. पिण्याचं पाणी टँकरने येतं.

पुराचं त्यांना काही वाटत नव्हतं. "चोमासानुं पाणी तो आवे अने जाय." पावसाळ्याचं पाणी येतं, जातं. त्यांचा राग होता तो अवेळी येणाऱ्या पाण्यावर. नर्मदेच्या कालव्यांचं जादा पाणी डिसेंबर-जानेवारीतसुद्धा रणात उतरतं आणि तयार होत आलेलं मीठ विरघळवतं. हे गेल्या काही वर्षांत अनेकदा झालंय.

मला वाटलं होतं, चला, पक्ष्यांना तरी फायदा. पण तेही तितकं सरळ नाही. अवेळी आलेल्या गोड्या पाण्याने काही बदकांची सोय होते; खाऱ्या पाण्यातले ते पारदर्शक जीव आणि शेवाळ मात्र पाणी पातळ झालं की टिकत नाहीत. चिखलाच्या बुरुजांवर अंडी असताना पातळी वीतभर वाढली तरी खेळ खलास. छोटे फ्लेमिंगो या छोट्या रणात वीण करतात, आपल्या देशात त्यांच्या विणीच्या जागा अगदी मोजक्या आहेत.

मामांनी काकांना विचारलं, "तुम्हाला पाणी कधी आटलेलं हवं?"

"दशेरा."

"आणि हिला विचाराल तर फेब्रुवारी," मामा माझ्याकडे बघत म्हणाले. काका हसले. त्यांनी लांब, पाण्याच्या कडेला हात केला. तिथे पाटे नव्हते, जमीन खोलगट होती. तिकडे आमच्यातलं कोणी जात नाही, तिकडे सुरखाब. भांडणाचं कारण नव्हतं, पाणी आपल्या वेळेला आलं तर.

परतीच्या गाडीत मामांनी वहीत एक तक्ता काढला: धरणातून सोडायचं पाणी, महिन्यांप्रमाणे, 'पक्षी' असा एक रकाना. निवृत्त माणसाला कोण विचारतंय, म्हणाले, पण रकाना भरत राहिले.

जाणार असाल तर

पावसाळा चांगला झालेल्या वर्षीच जा, नोव्हेंबर ते जानेवारी. ओळखपत्रं जवळ ठेवा, सरहद्दीजवळ कुठेही विचारतात. रणातल्या रस्त्यावर थवा दिसला तर गाडीतूनच बघा, आणि ड्रोन घरी ठेवा. उठलेला थवा तारांकडे जातो.

आणखी एक. ठाणे खाडीतल्या सहा फ्लेमिंगोंना २०२२ मध्ये बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) जीपीएस यंत्रं बसवली. त्यातला 'हुमायूं' भावनगरला जाऊन परत आला, म्हणजे आपल्या खाडीतले आणि गुजरातेतले पक्षी एकच. त्यामुळे तिकडे पाणी भरपूर असेल तर ते इकडे उशिरा येतात. त्यात २०२४ मध्ये उजनीही भरलेली होती, आणि धरण खाली उतरून चिखल उघडा पडल्याशिवाय भिगवणला त्यांना उभं राहायला जागा नाही. अशा वर्षी डिसेंबरचं बुकिंग केलं असेल तर आधी तिथल्या नावाड्याला फोन करून मगच निघा.